साडेसतरा तास आणि शनिवारची हळद

"शनिवारी पहाटे साडेतीनला दोन गाड्या लावल्यात एअरपोर्टला," बाळाराम नाना माझ्या टेबलावर पत्रिका ठेवत म्हणाले. "पोर उतरली का सरळ घरी."

नाना सारसोळ्याचे कोळी. उभा जन्म होडीवर गेला. माझी नवी मुंबईत सीवूड्सला ट्रॅव्हल एजन्सी आहे, बावीस वर्षं झाली. त्यांची मुलगी सुजाता सॅन फ्रान्सिस्कोला शिकते. तिच्या भावाची हळद शनिवारी संध्याकाळी सातला आणि करवली तीच. नानांच्या घरात सख्ख्या बहिणीने पहिली हळद लावल्याशिवाय कोणी नवऱ्यामुलाला हात लावत नाही. तिकीट मीच काढलेलं.

पहाटे साडेतीन कुठून आले ते मला कळेना. स्क्रीन उघडली. सुजाता शनिवारी संध्याकाळी पाचला उतरत होती.

घोटाळा माझाच होता. फोनवर घाईघाईत मी एवढंच सांगितलं होतं, "शुक्रवारी सकाळी दहाला निघेल. साडेसतरा तास लागतात." बाकीचं नानांनी बोटांवर मोजलं. साडेसतरा तास हा आमचा ब्लॉक टाइम, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पोचून थांबेपर्यंतचा वेळ. अंतर साडेतेरा हजार किलोमीटर, तेवढा लागतोच. पण तिकिटावर वेळ ज्या त्या गावाची असते आणि हिवाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं. ते मिळवायला मी सांगितलंच नव्हतं.

मी नानांना खरी वेळ सांगितली आणि पेपरवेट हातात घेऊन पृथ्वी कशी फिरते ते दाखवायला लागले.

"ठेव तो खाली," नाना म्हणाले. "खाडीच्या तोंडाशी पानी आदी भरतं, वाशीच्या पुलाखाली मागनं. भरती येकच. समाजलं मना. पन ताई, तू तास सांगितलंस, टाइम नाय सांगितला. आता भावकीला काय सांगू?"

बावीस वर्षांचा अनुभव भिंतीवर फ्रेम करून लावलाय, त्याच्याकडे बघायचीही लाज वाटली.

"आदल्या दिवशी नाय बसवता येत?"

"गुरुवारी संध्याकाळी तिचा शेवटचा पेपर आहे, नाना. तिला फक्त हातातली बॅग आणायला सांगा, म्हणजे सामानासाठी थांबायला नको. साडी घरी तयार ठेवा."

नवी मुंबईचा एअरपोर्ट आमच्या उशाशी, पण हे विमान उतरणार मुंबईला. त्यात शनिवार संध्याकाळचं ट्रॅफिक.

शनिवारी दिवसभर मी मोबाइलच्या नकाशावर तिचं इवलंसं विमान सरकताना बघत बसले. वीस मिनिटं आधी उतरलं. कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडा वेळ राखून ठेवतात, त्याचा फायदा. इमिग्रेशनच्या रांगेने तो खाऊन टाकला.

ठीक सातला मी मांडवात पोचले. टेम्पोतून खुर्च्या उतरत होत्या. बँडवाले चहा पीत होते. पावणेआठला सुजाता धापा टाकत आली. तिची आंघोळ झाली, साडी नेसून झाली, मावश्यांनी बळेबळे चार घास भरवलेही. मग कुठे भाऊ पाटावर बसला. तिने त्याच्या गालाला हळद लावली आणि माझे डोळे भरून आले.

"नाना, पत्रिकेवर तर सात होते," मी म्हणाले.

"पत्रिकेवर," नाना शांतपणे म्हणाले. "सातला कवा कोनाची हळद लागलीय?"

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला तास सांगत नाही, उतरण्याचा वार आणि वेळ कागदावर लिहून देते. आणि तिकीट लग्नकार्याचं असेल तर आधी विचारते, पत्रिकेवरची राहू दे, खरी वेळ काय?