रूपाली विसरली नव्हती

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशी माझ्या नवऱ्याची समजूत आहे. आईचीही तीच. ती समजूत मी कधी मोडली नाही आणि यापुढेही मोडेन असं वाटत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून बाहेर येत नाही. प्रयत्न करून झालाय. दर वेळी मी मध्येच उठून चहा टाकलाय.

रूपाली नावाची माझी मैत्रीण आहे. होती नाही, आहे. यातलं सगळ्यात वाईट तेच — पण थांबा, मी आधीच शेवटाकडे पळतेय.

आम्ही दोघी एकाच वेळी वर्ध्यातल्या एका जनसंपर्क कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आमचे सर. दवाखाने, कॉलेजं, बियाण्यांच्या कंपन्या, कुणाची ना कुणाची बातमी पेपरात यावी म्हणून आम्ही दिवसभर खपायचो. प्रेस नोट लिहायची, फोटो निवडायचा, आणि मग एकेका वार्ताहराला फोन करून सांगायचं. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालत नाही, बरं का. समुद्रपूरच्या वार्ताहराला आपल्या तोंडून निरोप गेला नाही, तर बातमी गेली कचऱ्यात आणि वर तो महिनाभर फुगून बसणार.

लिहायचं काम माझं. मी मास्तरांची मुलगी. माझ्या नोटमध्ये सरांना कधी चूक सापडायची नाही. पण फोन? फोन रूपालीने करावेत. ती समुद्रपूरकडची, शेतकऱ्याच्या घरची, आणि बोलताना जीभ जराही आवरायची नाही. "काय भाऊ, विसरले का मले?" एवढं म्हणाली की समोरचा विरघळलाच. लोक ऑफिसच्या नंबरवर फोन करून 'रूपालीताई आहेत का' विचारायचे. मी उचलला तर म्हणायचे, राहू द्या, नंतर करतो. असं दिवसातून किती वेळा ऐकून घ्यायचं माणसाने?

तरी आमचं जमायचं. खरंच जमायचं. डबा एकत्र, गाडी एक, आणि तिच्या धांदरटपणावर हसणं हा आमचा रोजचा कार्यक्रम. छत्री विसर, हेल्मेट विसर. एकदा तर कार्यक्रमाचा बॅनर ऑटोत ठेवून आली आणि आम्ही दोघी त्या ऑटोमागे गाडी पिटाळत गेलो. हसून हसून पोट दुखलं होतं. बॅनरचं ध्यानात ठेवा.

मग सरांनी सांगितलं की दिवाळीनंतर एकीलाच कायम करता येईल. दोघींना समोर बसवून सांगितलं, भला माणूस. बाहेर आल्यावर रूपाली म्हणाली, तूच राहशील बघ. मी म्हणाले, छे गं, तूच. मला मात्र पक्कं ठाऊक होतं की तीच राहणार.

त्याच सुमारास आंजीला एका दवाखान्याचं शिबिर झालं. मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया आधी झालेल्या होत्या. त्या दिवशी तपासणी आणि चष्मेवाटप. आंजीत रूपालीची मावशी राहते, म्हणून बायका गोळा करणं, त्यांना बोलतं करणं हे सगळं तिच्याकडे. मी वर्ध्याला ऑफिसात, नोट तयार करून फोटोंची वाट बघत.

दुपारी फोटो आले. त्यात तो होता. तुम्हाला कसं सांगू — अशा कामात असा फोटो क्वचित हाताला लागतो. मावशीच्या शेजारच्या कांताबाई. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवलाय, मनगट डोळ्यांजवळ नेलंय आणि आपलंच गोंदण बघून त्या हसतायत. बाकी सगळे फोटो म्हणजे डॉक्टर, हार, पुष्पगुच्छ. हा एक पाठवला की पान एकवर जागा मिळणार.

आणि रूपालीचा फोन आला. तिची बॅटरी उतरली होती म्हणून मावशीच्या फोनवरून.

"ऐक नं वं. नोटमधी सरपंचबाईचं नाव डॉक्टरच्या आधी घेजो, नाई तर इथं बोंब होईन. अन् कांताबाईचा फोटो पाठवू नको. तिच्या पोरानं त्याच्या सासरी भलतंच सांगून ठेवलं हाय. मी तिले शब्द देला."

मी म्हणाले, बरं. फोन ठेवला. सरपंचबाईंचं नाव डॉक्टरांच्या आधी घेतलं. आणि फोटो पाठवून दिला.

विसरून नाही. ऐकू आलं नाही म्हणूनही नाही. तिचं वाक्य कानात ताजं असताना मी तो फोटो पाठवला. तिला अडचणीत आणायचं असं मनात नव्हतं — का होतं? इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. एवढं कळतं, की उद्या पेपर बघून सर माझं नाव घेतील, हे मला दिसत होतं. कांताबाई दिसत नव्हत्या. फोटोत होत्या तेवढ्याच.

सकाळी फोटो छापून आला. खाली 'मोफत शस्त्रक्रियेने मिळाली दृष्टी'. दवाखान्याचे डॉक्टर खूश, सर खूश. दुपारपर्यंतच.

कांताबाईंचा मुलगा नागपूरला नोकरीला. आईचे डोळे मोठ्या दवाखान्यात करून घेतले, असं त्याने सासुरवाडीला सांगितलं होतं. तिकडे तो पेपर पोचला. मुलगा तडक आंजीला आला, भर आवारात आईला नाही नाही ते बोलला, आणि तिथूनच दवाखान्यात फोन करून त्याने डॉक्टरांचा उद्धार केला. मावशीने रूपालीला कळवलं की कांताबाई घराबाहेर येत नाहीत, आणि तूही इकडे एवढ्यात येऊ नकोस.

सरांनी दोघींना बोलावलं. रूपालीने सरळ सांगितलं, मी हिला फोनवर सांगितलं होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा 'हो' म्हणता आलं असतं. फार तर ओरडा बसला असता, फार तर नोकरी गेली असती. मी म्हणाले, फोन आला होता सर, पण सरपंचबाईंच्या नावाचं बोलली ती. फोटोचं काही नाही.

रूपाली हसली. खरंच हसली, मी थट्टा करतेय असं वाटून. "नाई वं, सांगतलं मी."

आणि मग मी ते केलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. मी आवाज अगदी मऊ केला. म्हणाले, अगं, तुला सांगायचं असेल, गडबडीत राहिलं असेल. त्या दिवशी बॅनर नाही का राहिला ऑटोत?

तिचं हसू मावळलं. ती आठवायला लागली. मी समोर उभी राहून बघत होते — एक चांगली शहाणी मुलगी खरी घडलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होती आणि तिला ती खरी वाटेनाशी होत होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "असंन. मीच इसरली असंन."

तुम्ही म्हणाल, इथे तरी खरं सांगायचं. मीही तेच म्हणते. इथे तरी.

जिन्यात तिने माझा हात धरला आणि माझी माफी मागितली. फुकट तुझ्यावर आळ घेतला, म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. हो, फिरवला. नंतर ती आंजीला जाऊन कांताबाईंच्या पाया पडून आली, माझी चूक झाली म्हणून. त्यांनी दार उघडलं, पण घरात घेतलं नाही.

सरांनी तिला काढलं नाही. तीच गेली. ज्या कामात एक शब्द राहिला तर कुणाच्या घरात आग लागते, ते माझ्यासारखीने करू नये, म्हणाली. मी कायम झाले. आज या कामात माझं बरं नाव आहे, हाताखाली मुली आहेत, आणि दिलेला शब्द कसा पाळावा हे मी त्यांना शिकवते.

रूपालीचं लग्न कारंजा घाडगेला झालं. नवरा बँकेत, माणूस चांगला. आमचं येणंजाणं आहे, मीच ते टिकवलंय. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी तिला अध्यक्ष व्हायला किती विनवलं. सगळा तालुका फिरून बोलेल अशी ती. नाही म्हणाली. माझ्या डोक्याचा भरवसा नाही, सांगितलेलं-न सांगितलेलं मला कळत नाही. हे ती सगळ्यांना हसत सांगते. फोनवर बोलणं झालं की पाच मिनिटांनी पुन्हा फोन करून विचारते, मी तुले ते सांगतलं ना? मी म्हणते, सांगितलंस. सांगितलेलं असतंच.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. अंगणात बसलो होतो. रूपाली पाणी आणायला आत गेली असताना तिची मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि एक शब्दही न बोलता फाटकातून पळाली. मी बघितलं. दिवेलागण झाली तरी तिचा पत्ता नाही. रूपाली घरोघर विचारून आली, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात पोरगी आली. मैत्रिणीकडे गेली होती. रूपाली ओरडायला लागली, तर ती ताठ मानेने म्हणाली, "तुला सांगून तर गेली होती, आई. तूच विसरली."

रूपाली जागच्या जागी थांबली. पुन्हा तसंच आठवायला लागली. मग माझ्याकडे वळली. "तू तर इथंच होती. सांगतलं का वं इनं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, माझं लक्ष नव्हतं गं.

"मंग सांगतलंच असंन," रूपाली म्हणाली. तिने मुलीला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि दोनदा 'सॉरी' म्हणाली. मी तिथेच खुर्चीवर बसले होते.