पंधरा दिवस कपाटात राहिलेलं पत्र

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत माझ्या धाकट्या बहिणीवर दर दोन-तीन वर्षांनी लेख येतो. लग्नाच्या वयात पहाड चढायला निघालेली, पुढे शेकडो मुलींना दोर बांधायला शिकवणारी, वगैरे. त्यात खोटं काही नाही. खोटं शेवटच्या परिच्छेदात असतं, कारण तिथे मी येतो. भर मे महिन्यात फरीदाबादहून दिल्लीतल्या मुनिरकेपर्यंत स्कूटर हाणत बहिणीचं निवडपत्र पोचवणारा भाऊ.

"यंदा तेवढं गाळा," मी चिटणिसाला सांगितलं.

"काका, लोकांना तोच भाग आवडतो."

"तो खरा नाही."

"बिल्कुल खरा आहे. ताईंनी स्वतः सांगितलाय."

मी खरी हकीकत दोन पानांत लिहून नेली. त्याने उभ्याउभ्या वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "उत्सवाच्या अंकात असलं बरं नाही दिसत, काका. नुकतंच रक्षाबंधन झालेलं असतं." त्या माणसाशी मी आठवडाभर डोकं फोडलं. आता हे इथे लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी फरीदाबादला एका कारखान्यात होतो, नव्या सेक्टरमध्ये घर घेतलं होतं. वडील गेलेले, त्यामुळे बहिणीची जबाबदारी माझी. ती शिकायला दिल्लीत आली आणि सुट्टी लागली की पहाडात पळायची. मुनिरकेच्या तिच्या खोलीवर चार मजल्यांची पत्रं एकाच जिन्यावर पडायची आणि हरवायची. म्हणून कायमचा पत्ता तिने माझा दिला होता.

आदल्या वर्षी ती बर्फातून परतली तेव्हा नाकाची सालपटं निघत होती. नेमकं तेव्हाच एक स्थळ बघायला आलं. मुलाच्या आईने पोहे खाल्ले, जाताना म्हणाली, "मुलगी आजारी असते का?" त्या वाक्याने मी वर्षभर जळत होतो.

आणि मग ते पत्र आलं. फक्त बायकांची मोहीम, सात हजार मीटरच्या वरचं शिखर, तिची निवड झाली होती. पुढच्या सोमवारपर्यंत पहाडातल्या शिबिरात हजर व्हायचं. पत्र हातात पडलं तो दिवसही सोमवार होता, आणि मधल्या रविवारी गुडगावच्या एका नव्या कंपनीतला इंजिनियर तिला बघायला येणार होता. मी ठरवलं, रविवारी पोहे होऊ देत, संध्याकाळी पत्र देऊ. रात्रीची बस पकडून ती सोमवारी पोचेल. पत्र कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. पुण्याहून मामा येताहेत, कार्यक्रम पुढच्या रविवारी करू. त्याच क्षणी मी पत्र काढून तिच्या हातात ठेवायला हवं होतं. ती समोर बसून लसूण सोलत होती. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी ये." ती म्हणाली, "दादा, यार, मी काय दर रविवारी नवी साडी नेसू?" आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या रविवारी ते आले. आमच्या बहीणबाईंनी पोह्यांची बशी पुढे करत सांगून टाकलं की आज ना उद्या आपण मोठं शिखर चढणार आहोत. मंगळवारी त्यांचा नकार आला. म्हणजे ज्याच्यासाठी पत्र दडवलं तेही गेलं. त्याच दुपारी मी स्कूटर काढली.

पाकिटावर आमच्या टपाल कार्यालयाचा तारखेचा शिक्का होता, म्हणून नुसतं पत्र नेलं.

"पाकीट कुठंय?"

"फाटलं."

तिने पत्रावरची तारीख पाहिली. "टपालाला तीन आठवडे लागतात?"

"लागत असतील," मी म्हणालो.

ती घरमालकाच्या फोनकडे धावली. तिच्या जागी राखीव यादीतली मुलगी गेली होती. परत आली तेव्हा माझा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला पाहून तिने आधी मला पाणी दिलं. तो पाण्याचा ग्लास ती आजही भाषणांत सांगते.

पुढे तिने टपाल खात्याकडे तक्रार केली. काही दिवसांनी आमचा पोस्टमन दारात येऊन उभा राहिला. उतरत्या वयाचा, सायकलवाला. "साहब, वो लंबा लिफाफा मैंने आपके हाथ में दिया था. आप स्कूटर धो रहे थे."

"मुझे याद नहीं," मी म्हणालो.

त्याने सायकलचा स्टँड काढला. मग "अच्छा" म्हणून निघून गेला. महिन्याभरात आमच्या सेक्टरला दुसरा पोस्टमन आला.

बहीण नंतर बरीच शिखरं चढली, ते मात्र राहिलं. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा तिचा गुडघा गेला होता.

गेल्या महिन्यात ती राहायला आली होती. चहा झाल्यावर मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं. शर्टांखालीच होतं, घरं बदलली तरी. तिने शिक्का वाचला, तारीख बोटांवर मोजली. मी सगळं सांगितलं. ती रडेल किंवा निघून जाईल अशी माझी तयारी होती.

"आणि तो पोस्टमन?" तिने विचारलं.

"बदली झाली."

"कुठे?"

"माहीत नाही."

"मूर्खासारखं काय बोलतोस, दादा? तीस वर्षं मला पाण्याचा ग्लास सांगू दिलास आणि त्याची चौकशीसुद्धा केली नाहीस? चल, चप्पल घाल."

आम्ही त्या टपाल कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलीला तिने वर्ष सांगितलं, सेक्टर सांगितला. मुलगी सभ्य होती. म्हणाली, "नाम बताइए, देख लेते हैं."

बहीण माझ्याकडे वळली. तीन वर्षं रोज हा माणूस माझ्या दारात येत होता. दिवाळीला मी त्याला मिठाई देत होतो.

"तुझ्या तक्रारीत असेल ना," मी म्हणालो.

"तेव्हाही मी तुलाच विचारलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालास, नाव कशाला हवं, नुसता सेक्टर लिही."