फांदीवरच्या झाडांची अक्का

अक्का शिवी न देता माणसाला उभा चिरत असे. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी जंगलखात्याचा गार्ड म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि माझ्या मिशीला नुकताच पीळ आला होता. पहिल्याच फेरीला तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुले पगार कसाना भेटस? झाड राखाना का झाड तोडाना?" मी तोवर एका पानालाही हात लावलेला नव्हता. ही बाई त्याच दिवशी माझ्या डोक्यात गेली.

नाल्याकाठी सात जुने आंबे होते, त्यांच्याखाली तिची झोपडी. आंबे सरकारी हद्दीतले. पण ती "मना आंबा" असंच म्हणायची, आणि हद्दीचा दगड दाखवला की दुसऱ्या दिवशी त्या दगडावर मिरच्या वाळत घातलेल्या दिसायच्या. या आंब्यांच्या फांद्यांवर रास्ना आणि बाशिंग अशी दोन झाडं नुसती माजली होती. रास्नेची मुळं उकळून अक्का सांधेदुखीचं तेल करी. धुळ्याहूनसुद्धा लोक येत, आणि तेलाबरोबर आपल्या खाण्यापिण्याबद्दल चार शब्द ऐकून जात. त्या तेलावर तिचं पोट होतं आणि परिसरात तिला जो मान होता, तोही त्यावरच.

एकदा वरून हुकूम आला की झाडांवरची बांडगुळं काढून टाकावीत. मी धुळ्याच्या देवपुरात शिकलेला माणूस. फांदीवर जे परकं हिरवं दिसेल ते बांडगूळ, एवढं माझं वनस्पतिज्ञान. कोयतेवाले घेऊन मी आमराईत गेलो. अक्का बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"अक्का, सरकारी हुकूम आहे," मी म्हणालो.

"बांडगूय काढानं शे ना? मंग ते काढ. हाई बांडगूय नही शे."

तिने मला हाताला धरून एका खालच्या फांदीशी नेलं. खरं बांडगूळ ती स्वतः वर चढून तोडत असे. त्याचं मूळ लाकडात घुसतं आणि तिथे फांदी गाठीसारखी सुजते, हे तिने एका तोडलेल्या फांदीवर दाखवलं. रास्नेची जाड, पांढरट मुळं मात्र सालीला नुसती बिलगलेली होती आणि काही तर हवेतच लोंबत होती. त्यांच्यावर तिने लोटाभर पाणी ओतलं. पांढरी मुळं माझ्या डोळ्यांदेखत पाणी पिऊन हिरवी झाली.

"पेस, देख. पाऊसनं पेस, दवनं पेस. आंबानं काही लेत नही."

मग बाशिंगाकडे बोट केलं. त्याच्या सुक्या, तपकिरी पानांच्या ओंजळीत पालापाचोळा साठून कुजला होता. मी बोट घातलं. आजूबाजूचं रान कोरडं ठणठणीत असताना आत ओल होती, किडे होते, आणि ते टिपायला आलेला एक पक्षी वर बसून आमच्यावर खेकसत होता. मला सगळं कळलं. त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

पण दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेब तपासणीला येणार होते. त्यांना घोड्यावरून लांबूनच फांद्या बघायच्या होत्या, आणि हिरवं दिसलं असतं तर ठपका माझ्यावर आला असता. मी कोयतेवाल्यांना खूण केली. संध्याकाळपर्यंत सातही आंबे स्वच्छ झाले. साहेब खूश झाले. अक्का त्या ढिगाऱ्यात बसून जगतील ती रोपं वेचत होती. ती तिने अंबाडीच्या सुताने पुन्हा फांद्यांना बांधली, पण वैशाखात त्यातली बहुतेक करपली. पुढच्या उन्हाळ्यात आमराईत पाखरंही फारशी दिसेनात. तेलासाठी येणारे लोक हात हलवत परत जाऊ लागले. ती मला बघून तोंड फिरवी, आणि मला तिचा रागच येई. एवढ्या तेवढ्या पाल्यावरून किती दिवस धरून बसायचं, असं मी कोयतेवाल्यांना बोलूनही दाखवलं.

बदलीचा कागद आला तेव्हा मात्र मला राहवेना. मी झोपडीशी गेलो. ती ज्वारी पाखडत होती. थकली होती, पण हात थांबला नाही.

"अक्का, मी जातो आता. माझ्याकडून चूक झाली."

तिने सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी हळू बोलली.

"नही जानस त्यानी चूक व्हस, भाऊ. तुले तं समजेल व्हतं."

मी निघालो. ती गेल्याचं मला पुढे कुणाकडून तरी कळलं. नोकरीत मला बढत्या मिळाल्या, साहेबांचे चांगले शेरे मिळाले, घरच्यांनी ते जपून ठेवले. खरा शेरा तिने दिला होता, आणि तो मी आजवर घरात कुणाला सांगितलेला नाही.