चढावर न हलणारे पाय

खंडेनवमीला एखाद्या दुकानात पाटावर झेंडूची फुलं वाहिलेली हत्यारं मांडलेली दिसली की मी आजही थांबून ती न्याहाळतो. घरचे म्हणतात, पेन्शन लागली तरी पोलिसी नजर सुटत नाही. सुटणार कशी? एका माणसाचा गळा फासातून सुटला तो अशाच एका पाटावरच्या कानशीमुळे.

मी तेव्हा भोरला फौजदार होतो. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि हिवतापावरचं कोयनेल तर पैसे टाकूनही मिळायचं नाही. हिर्डोशीकडच्या खोऱ्यात घरटी माणूस तापानं फणफणत होतं. तिकडच्या दवाखान्यासाठी कोयनेलच्या बाटल्यांची पेटी घेऊन दवाखान्याचा एक शिपाई निघाला. नवरात्राचे दिवस होते. वाटेत, तिन्हीसांजेच्या आधी, कुणीतरी मागून त्याच्या डोक्यात घाव घातला आणि पेटी पळवली. घाटापलीकडे कोकणात त्या बाटल्यांना वाटेल तो भाव आला असता.

शिपायाला पाठीवर घालून गावापर्यंत आणलं ते एका धनगरानं. गुरं घेऊन तो वरच्या रानात होता. त्याच्या घोंगडीला रक्त, काठीला रक्त. आमच्या हवालदारानं त्यालाच बेड्या घातल्या. जखमी माणसाला उचलून आणलं तर अंगाला रक्त लागणारच, एवढा साधा विचार कुणी केला नाही. धनगर रानात दिसला म्हणजे चोरीच्याच इराद्यानं फिरत असणार, ही भोर बाजारातली ठाम समजूत. शिपाई इस्पितळात बेशुद्ध होता. तो दगावला असता तर धनगर सरळ फासावर गेला असता. मोठ्या साहेबांचा हुकूम आला होता की दसऱ्याची सुट्टी संपताच आरोपीला कागदपत्रांसह कोर्टापुढे उभा करा.

धनगराची बायको रोज चौकीच्या पायरीवर येऊन बसायची. रडायची नाही, ओरडायची नाही. हवालदार तिला हाकलायचा, ती उठून समोरच्या झाडाखाली बसायची. अष्टमीला मी तिला आत बोलावलं. तिचं म्हणणं असं, की त्या संध्याकाळी ती नवऱ्याची भाकरी घेऊन निघाली होती, तेव्हा भोरात सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सायकलवाल्याची फटफटी घाटाकडून येऊन वाटेतला चढ चढून गेली. भोरात तशी फटफटी एकच. सायकलला बसवलेलं इवलंसं इंजिन, आणि मागच्या चाकावर पांढरा पत्रा ठोकलेला.

हवालदार हसला. मलाही वाटलं, बाई नवऱ्याला वाचवायला काहीतरी सांगतेय. त्या फटफटीची सगळ्या गावात थट्टा व्हायची. जरा चढ लागला की इंजिनाचा दम जायचा आणि सायकलवाला घामाघूम होऊन पायडल मारत बसायचा. पोरंटोरं मागून ढकलायची. शिवाय त्या रात्री देवीच्या आरतीला तो अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून हजर होता. निम्म्या गावानं पाहिलं होतं. पायडल मारत तो तिकडून आरतीच्या आत परत येणं शक्यच नव्हतं.

हवालदारानं तिला विचारलं, की चढावर तो पायडल मारत होता का? बाई म्हणाली, "न्हाई सायेब. पाय हलतच नव्हतं त्याचं. मांडी घालून बसल्यावानी निवांत व्हता."

झालं! हवालदारानं हात झटकले. पाय हलत नव्हते म्हणजे ती फटफटी त्याची नव्हेच, महाडकडून आलेल्या कुणा साहेबाची दमदार मोटारसायकल असेल, असं त्याचं म्हणणं. तर्क बिनतोड होता. तिचा खरेपणाच तिच्या नवऱ्याच्या मुळावर येत होता. पायडल मारत होता एवढं ती खोटं बोलली असती, तर निदान चौकशी झाली असती. नवऱ्यासाठी खोटं बोलणारी बाई हे असलं नुकसानीचं कशाला सांगेल? हे मनात आलं आणि मग ते जाईना.

त्यातून आणखी एक गोष्ट कळली. शिपाई एरवी सायकलवरून जायचा. त्या आठवड्यात तो पायी निघाला, कारण त्याची सायकल दुरुस्तीला पडून होती. कुणाच्या दुकानात, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी चौकीत आम्ही बंदुका, तलवारी पुजल्या. मग रिवाजाप्रमाणे मी बाजारातून फेरी मारली. सुतार, लोहार, शिंपी, जो तो फौजदाराला प्रसादाला बोलावतो. सायकलवाल्यानंही बोलावलं. मोठा तोंडाळ, हसरा माणूस. पाटावर पाने, पकडी, हातोडे मांडलेले, हळदीकुंकू वाहिलेलं. मी पेढा तोंडात टाकला आणि पाटावर नजर गेली. कडेला एक मोठी सपाट कानस होती. इतर कानशी लोखंडावर चालून काळ्या पडलेल्या. हिच्या दातांत मात्र पांढरा, चकचकीत कीस अडकलेला.

संस्थानच्या मोटारखान्यातल्या ड्रायव्हरानं मला एकदा सांगितलं होतं, की इंजिनाचं वरचं टोपण खालून घासून पातळ केलं की आतला वायू जास्त दाबला जाऊन पेटतो आणि इंजिनाची ताकद वाढते. असली टोपणं त्याच पांढऱ्या धातूची असतात. सायकलीचं काम करणाऱ्याला तो धातू घासायचं कारण काय?

मी सहज विचारल्यासारखं केलं, की फटफटीच्या इंजिनाला कधी हात लावलास का. तो हात जोडून म्हणाला, की छे छे, कंपनीतून आलं तसंच आहे, आपल्याला कुठली अक्कल. बोलताना त्याची नजर मात्र त्या कानशीवर गेली.

मी पंच बोलावले, फटफटी बाहेर काढायला लावली आणि महाड रस्त्याच्या चढाशी नेली. धनगराच्या बायकोला वळणावर उभं केलं. सायकलवाल्याला म्हटलं, चढ. तो चढायला लागला. इंजिन खोकत होतं, तो पायडल मारत होता, घामानं निथळत होता. अर्ध्यात फटफटी मेली. पंच हसले. हवालदारानं माझ्याकडे असं पाहिलं की उद्यापासून बाजारात तोंड दाखवायला नको. बाई एकटक माझ्याकडे बघत होती. तिचा नवरा कोठडीत होता आणि माझ्याजवळ आता दुसरं काहीच उरलं नव्हतं.

पण मी त्याचे पाय बघत नव्हतो, हात बघत होतो. सबंध वेळ त्याचा अंगठा हँडलवरच्या एका खिट्टीवर दाबलेला होता. ती दाबली की इंजिनातला दाब निघून जातो. मी फटफटी खाली आणवली आणि स्वतः स्वार झालो. सुरू करायला जे पायडल मारले, ते दगडाशी झुंजल्यासारखे जड गेले. मग इंजिन पेटलं. खिट्टीला मी हात लावला नाही.

काय सांगू! माझ्यासारखा वजनदार माणूस घेऊन ते चिमुकलं धूड तो चढ गुरगुरत चढून गेलं. माझे पाय पायडलवर नुसते टेकलेले. वळणावर बाई पुढं आली.

"ह्योच आवाज," ती पंचांना म्हणाली. "आता सायबांचं पाय बघा."

सायकलवाल्यानं आपणहून हात पुढं केले. चौकीत नेल्यावर त्याला बोट लावावं लागलं नाही. लोकांच्या थट्टेनं जिवाला लागलं म्हणून त्यानं टोपण घासलं, धूर सुटायचं भोक मोठं केलं, मागचं दातेरी चाक बदललं. पहिल्यांदा पायडल न मारता चढ चढला, तेव्हा एकटाच रानात ओरडला म्हणे. गावाला दाखवणारच होता. तेवढ्यात शिपाई सायकल टाकायला आला आणि पेटीचं बोलून गेला. मग त्याच्या डोक्यात आलं, की आपल्या फटफटीची ही ताकद कुणाला ठाऊकच नाही. तेव्हापासून तो गावात खिट्टी दाबून खोटे पायडल मारत राहिला. बाटल्या दुकानात, कार्बाइडच्या जुन्या डब्यात सापडल्या.

मी विचारलं, कानस का नाही नदीत टाकलीस? तो म्हणाला, आढ्यात लपवली होती. पण खंडेनवमीला एक हत्यार अंधारात ठेवून बाकीची पुजायची? "रुसली असती ती, साहेब. तिनंच तर मला चढ चढवला."

शिपाई वाचला, शुद्धीवर आला. धनगर सुटला. मुद्देमालातली त्याची काठी मी साहेबांची सही घेऊन परत केली. ती त्यानं कपाळाला लावली. त्याची बायको म्हणाली, "सायेब, नवमीला काठी घरी नव्हती. म्या ती ठेवायची जागा पुजली."

भोरात तेव्हा दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. फटफटी चढ चढत नाही, आणि रानातला धनगर चोर असतो. इतक्या ठाऊक, की त्या तपासून बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी तरी पहिलीच तपासायला गेलो होतो, दुसरी नाही. काठी खांद्यावर टाकून ती दोघं महाड रस्त्याला लागली, तेव्हा बाजार उभा राहून बघत होता.