पाण्यावर चालणारी व्हॅन

दिवसभर राजापेठेतल्या ट्यूशन क्लासमध्ये मी पोरांना शिकवतो की ऊर्जा फुकट तयार होत नाही. संध्याकाळी वलगावला घरी येऊन मी ती फुकट तयार करायला बसायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण माझ्याच घरावरून कोणी केली असावी.

खूळ मोबाईलवरच्या एका व्हिडिओतून शिरलं. डबीभर पाण्यात थोडा कॉस्टिक पोटॅश घालायचा, स्टीलच्या पट्ट्या बुडवायच्या आणि गाडीच्या बॅटरीची वीज सोडायची. पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. तो नळीनं इंजिनात नेला की पेट्रोल कमी लागतं, असं व्हिडिओतला माणूस शपथेवर सांगत होता. ती वीज शेवटी इंजिनच तयार करतं आणि इंजिन पेट्रोलच पितं, हे मला कळत होतं. पण खुळापुढे मास्तरकीचं काही चालत नाही.

आमची एक जुनी व्हॅन आहे. ती बायको चालवते. शेतातला झेंडू आणि शेवंती ती सकाळी अमरावतीच्या बाजारात नेते आणि लिलावाच्या आत पोचायचं म्हणून सुसाट नेते. मी शेजारी बसलो तर दाराची मूठ सोडत नाही.

घरासाठी मी आजवर बरंच काही बनवलं. टाकी भरली की वाजणारी घंटी, फुलांच्या पाट्यांवर पाणी उडवणारा पंखा. बावीस वर्षांत एकाही वस्तूला तिनं 'जमलं' म्हटलेलं नाही. 'पाहू' म्हणते, आणि मला त्या 'पाहू'चा भयंकर राग येतो. खरं सांगायचं तर पेट्रोल हा बहाणा होता. मला तिच्या तोंडून तो एक शब्द हवा होता.

पहिल्या डबीसाठी मी तिच्याच जुन्या डब्यांची झाकणं कापली. दोन दिवसांत पाणी चहासारखं झालं आणि पट्ट्या गंजल्या. दुसऱ्या डबीत पोटॅश जास्त पडला. पाणी तापलं, फेस नळीत चढला आणि फ्यूज उडाला. मग गॅस खरंच सुटतोय का हे बघायला मी साबणाच्या फुग्यांना लांब काडीनं पेटवलं, तर असा बार झाला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. तिला शोधून आणण्यात माझा अख्खा रविवार गेला. तिसऱ्या डबीला मी चांगलं स्टील वापरलं, आग उलटी येऊ नये म्हणून मध्ये पाण्याची दुसरी बाटली लावली आणि ते सगळं व्हॅनच्या मागच्या सीटखाली बसवलं.

"एक डाव," बायको म्हणाली. "अकोल्याले माह्या माहेरी जाऊन येऊ. टाकी फुल करून जाऊ, फुल करून मोजू. ॲव्हरेज वाढलं नाही तर हे भांडं बाहेर. अन् पुना माह्या गाडीले हात लावायचा नाही."

त्या दिवशी ती कधी नव्हे इतकी हळू चालवत होती. ट्रक मागून भोंगे वाजवत होते. मी म्हटलं, "थोडी दाब ना."

"सीटखाली बॉम्ब ठेवला अन् दाब म्हनता?"

अकोल्याच्या पंपावर हिशेब केला. एरवी लिटरला बारा किलोमीटर देणारी व्हॅन पंधरावर गेली होती. मी पंपवाल्याला चहा पाजला. बायको म्हणाली, "येतानाचं पाहू."

दुसऱ्या दिवशी परत निघालो. बोरगाव मंजूपाशी गाडीत उग्र वास आला, पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर येतो तसा. मी गाडी थांबवायला लावली आणि मागे जाऊन पाहिलं. अर्धी ठेवलेली डबी काठोकाठ भरली होती आणि पाणी तांबूस झालं होतं. व्हॅनच्या आडोशाला जाऊन सासऱ्यांना फोन लावला.

"हो, म्याच भरली," ते म्हणाले. "जवायाची गाडी कोरडी कशी धाडू? बोरचं पानी घातलं."

"बोरचं?"

"मंग पेयाचं गोडं पानी घालू काय? गाडीले काय चव समजते?"

त्यांचं शेत खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या बोरच्या पाण्यात साबणाला फेससुद्धा येत नाही. गोडं पाणी माणसांसाठी जपायचं आणि खारं बाकी सगळ्यांसाठी, हा त्या घराचा नियम. त्या मिठातून वीज गेली आणि हायड्रोजनसोबत क्लोरीन सुटला. मी फ्यूज काढून खिशात टाकला, खिडक्या उघडल्या आणि पुढे येऊन बसलो.

"वास कायचा?"

"नवी नळी तापली," मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि तशीच हळू, सीटखालचा बॉम्ब सांभाळत, अमरावतीपर्यंत गाडी आणली.

पंपावर टाकी फुल केली. पुन्हा पंधरा. थोडे वरच.

तिनं मोबाईलवर दोनदा भागाकार केला, मग वडिलांना फोन लावला. "बाबा, तुमच्या जवायाचं जमलं." पलीकडून सासरे मलाही ऐकू येईल असं ओरडले, "माह्या मोटरसायकललेही बसवून द्या."

बावीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता, आणि माझा हात खिशातल्या फ्यूजवर होता. गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. पण मला तो शब्द असा नको होता, आणि सासऱ्यांच्या बुडाखाली ती डबी तर अजिबात नको होती. मी फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला.

"बोरगावपासून बंद होतं," मी म्हटलं. "जातानाही त्याचं काही नव्हतं. तू हळू चालवली म्हनून वाढलं."

मला वाटलं आता चिडेल. तिनं फ्यूज उलटासुलटा करून पाहिला.

"मंग जमलं कोनाचं?"

"तुझं," मी म्हटलं. "तू लय चांगली चालवतेस."

तिनं फ्यूज समोरच्या खणात टाकला. मग तिनं चावी फिरवली.

"आज बोलले," ती म्हणाली. "गाडी शिकून सहा वर्सं झाले."