शशिकाकांना विरोधक हवा होता

आमच्या मंडळाच्या निवडणुकीत सर्वांत जास्त वेळा हरण्याचा विक्रम शशिधर हुद्दार यांच्या नावावर आहे. अकरा वर्षांत सात वेळा. उरलेली चार वर्षं निवडणूकच झाली नाही, आणि त्याचं त्यांना हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधली मराठी माणसं त्यांना शशिकाका म्हणतात. मूळचे नागपूरचे. रेल्वे सिग्नलिंगच्या कामासाठी सत्त्याण्णव साली इथं आले आणि इथंच निवृत्त झाले. आम्ही सगळे राउंडअबाउटचे गोल चौक मोजत गाडीनं फिरतो. काका रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल सायकलवाटांवरून, सायकलनं येतात, हेल्मेटच्या आत कानटोपी घालून. कॅरिअरला कापडी पिशवी, पिशवीत मंडळाची घटना. त्यांच्याशिवाय ती आणखी कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

मी पुण्याहून आलो त्याच महिन्यात मंडळाची वार्षिक सभा होती. अध्यक्ष मंजिरीताई ओगले यांनी नव्या कमिटीची यादी वाचली, "बिनविरोध!" म्हणाल्या, टाळ्या वाजल्या आणि लोक बटाटेवड्यांकडे वळले. तेवढ्यात मागून, रेडिएटरशेजारून आवाज आला.

"ताई, विरोध आहे का, हे विचारायचं राहिलं."

"बरं. आहे का विरोध, काका?"

"आहे."

"कशाला?"

"विरोध नसण्याला."

हॉल हसला. मंजिरीताई म्हणाल्या, "अहो काका, आपल्यातल्या आपल्यात निवडणूक कशाला?"

"पूरक प्रश्न," काका म्हणाले. "मग कुणात करायची?"

वडे गार झाले. मला हा माणूस फार आवडला.

पुढे एकदा त्यांनी मला कारण सांगितलं. "सिग्नलला एकच यंत्रणा ठेवली, तर ती चुकली हे तिला कळतच नाही. म्हणून शेजारी दुसरी ठेवतात, पहिलीवर सतत शंका घेणारी. माणसं काय सिग्नलपेक्षा शहाणी आहेत?"

म्हणून त्यांनी 'दुसरं पॅनेल' काढलं. एका वर्षी त्यात ते एकटेच होते. मग अनुप कर्वे त्यात आला, काकांशी भांडला आणि त्यानं तिसरं पॅनेल काढलं. काका इतके खूश झाले की अनुपचं पत्रक त्यांनीच टाइप करून दिलं. "हरायला मला आता दोन पक्ष आहेत," असं ते सांगत फिरायचे. अरुणाकाकूंचं म्हणणं, "आमच्या घरातही लोकशाही आहे. हे विरोधी पक्षात, आणि सरकार माझं."

यंदा काका सत्तर वर्षांचे झाले. मंजिरीताई पेढे घेऊन त्यांच्या घरी गेल्या. "काका, यंदा तुम्ही अध्यक्ष. मी सगळ्यांशी बोलले. दुसरं कुणी फॉर्म भरणार नाही. बिनविरोध!"

हा त्यांचा खरोखरचा मान होता, त्यात खोट नव्हती. आणि काकांना अध्यक्ष व्हायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं भाषण अजून ड्रॉवरमध्ये आहे, हे काकूंनीच मला सांगितलं.

"घ्या की हो," काकू म्हणाल्या. "एकदा तरी त्या खुर्चीत बसा."

काकांनी फॉर्म भरला. पण मुदत संपायच्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांचा मला फोन आला. "गाडी आहे ना? चल. पाचच्या आत मला विरोधी उमेदवार शोधायचाय. नाही मिळाला तर मी फॉर्म मागे घेणार."

आम्ही आधी अनुपकडे गेलो. "तुमच्यासमोर? काका, भारतातून आई फोनवर ओरडेल!"

"अरे, तू तीन वेळा माझ्यासमोर उभा होतास!"

"तेव्हा तुम्ही सत्तरचे नव्हता."

मग मंडळातल्याच ऋजुता पेठेकडे. तिनं चहा दिला, फॉर्मला हात लावला नाही. "वयाचा मान असतो, काका."

"अगं, मला मान नको, मतं हवीत."

"मतं आहेतच की. सगळी तुमचीच."

गाडीत बसल्यावर काकांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार झाले होते. "मंजिरीकडे घे," ते म्हणाले. "नाव मागे घेतो म्हणून सांगून टाकू." कापडी पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती.

दार दियानं उघडलं. ही मंजिरीताईंची मुलगी, वय तेवीस, जन्म इथलाच, शाळेत टीचिंग असिस्टंट. "मम्मी शॉपिंगला गेली. काका, यू ओके?"

काकांनी सगळं सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत राहिली.

"म्हणजे कोणीच नाही? मग मी उभी राहते."

"तू?"

"हो. पण मी प्रिटेंड नाही करणार हां. मी जिंकायला उभी राहणार. दिवाळीची प्रोग्राम सहाला सांगतात, आठला सुरू होते. लहान मुलं कॉस्च्यूममध्येच झोपतात. कोणी विचारत पण नाही."

"मी विचारलं होतं," काका म्हणाले. "दोन हजार एकोणीस साली."

"अँड?"

"हरलो."

फॉर्मवर सूचक हवा होता. काकांनी खिशातलं पेन काढलं.

"काका, तुम्ही स्वतः उमेदवार, आणि तिचे सूचकही तुम्हीच?" मी म्हणालो.

"घटनेत मनाई नाही. कलम नऊ."

अनुमोदक म्हणून मी सही केली. तेवढ्यात मंजिरीताई पिशव्या घेऊन आत आल्या. "दिया! काकांच्या विरोधात? लाज नाही वाटत?"

"मम्मी, काकांनीच साइन केलं!"

ताईंनी पिशव्या खाली ठेवल्या. "काका, बारा महिने मला लोकशाही शिकवता. ही घराणेशाही नाही का?"

"आहे," काका म्हणाले. "म्हणून तिला पाडणार. पण मतं मोजून."

चार छप्पन्नला फॉर्मचा फोटो निवडणूक अधिकारी नकुलच्या फोनवर पोचला. काकांनी त्या घरात दोन कप चहा घेतला आणि चार पेढे खाल्ले.

निवडणूक झाली, मतं मोजली: काका सत्तावन्न, दिया एक्कावन्न. काकांनी ड्रॉवरमधलं भाषण वाचलं. त्यात मावळते अध्यक्ष म्हणून ज्यांचे आभार होते, ते गृहस्थ केव्हाच कार्डिफला राहायला गेले आहेत. तेही काकांनी मोठ्यानं वाचलं.

महिन्याभरानं नव्या कमिटीची पहिली सभा झाली. काका स्टेजवर, दिया मागे रेडिएटरशेजारी.

"काका, दिवाळी प्रोग्राम किती वाजता?"

"सहा."

"सहाला नाही सुरू झाला तर?"

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

काकांनी चष्मा काढला. "अगं, आपल्यातल्या आपल्यात इतके प्रश्न कशाला?"

मंजिरीताईंनी पदर तोंडाला लावला. मग किचनच्या खिडकीतून अरुणाकाकू जे हसल्या, त्याला आख्ख्या हॉलनं साथ दिली. काकांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि उभे राहिले.

"प्रश्न पुन्हा विचार."

"सहाला नाही सुरू झाला तर?"

"तर सहा वाजून एक मिनिटानं मुलांचा डान्स सुरू करायचा. अध्यक्षांचं भाषण रद्द. नकुल, इतिवृत्तात लिही." काका खाली बसले. "झालं समाधान?"

दिया उभीच होती.

"काका," ती म्हणाली, "पूरक प्रश्न."