धारूरच्या वेशीतली गाडीमोजणी

सरकारला एकदा आमची फार काळजी वाटायला लागली. आम्ही कुठं जातो, कशाला जातो, गाडीतून जातो की पायी, हे सगळं हैदराबादेत बसलेल्या कुणाला तरी जाणून घ्यायचं होतं. मी लग्न होऊन धारूरला नुकतीच आले होते. तोवर "कुठं निघालीस?" असं मला फक्त सासूबाई विचारत, तेही उंबऱ्याबाहेर पाय पडला तरच. आता तोच प्रश्न निजामाचं सरकार विचारणार म्हटल्यावर मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं.

दवंडी अशी होती की सरकार मोटारीचा रस्ता करणार आहे. जिथून माणसांची आणि गाड्यांची ये-जा जास्त, तिथून खडीचा रस्ता जाईल. ये-जा मोजायला साहेब येताहेत, रयतेनं खरं खरं सांगावं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, किराणा दुकानदार. गूळ, तेल, मीठ, तंबाखू, असा माल. दुकान जुन्या पेठेत, वेशीपासून हाकेच्या अंतरावर, आणि घर दुकानाच्या मागं. मधल्या दारात उभं राहिलं की गादीवर बसलेले मामंजी, त्यांच्यापुढचा रस्ता आणि त्यापलीकडची वेस असं सगळं दिसायचं. एकदा तहसीलदारांनी त्यांच्या हातची सुपारी खाल्ली होती. तेव्हापासून राज्यकारभारात आपलाही थोडा हात आहे असं मामंजींचं मत होतं. दवंडी ऐकून त्यांनी तराजू खाली ठेवला आणि आत येऊन सासूबाईंना म्हणाले, "रस्ता आपल्या दुकानाम्होरून जाणार. मोटार हितंच थांबणार. उतरलेला माणूस आधी कुठं येईल?"

"पाणी प्यायला," सासूबाई म्हणाल्या.

साहेब आले ते तरुण होते. कोट, डोक्यावर गोंड्याची लाल रूमी टोपी, आणि सोबत एक जाडजूड कारकून. आधी घरोघर जाऊन माणसं मोजायची आणि ती कुठं कुठं जातात ते विचारायचं होतं. आमच्या ओट्यावर दोघं बसले. मामंजींनी दूध पाठवलं, मी दाराआड उभी.

"घर में आदमी कितने?" कारकुनानं विचारलं.

"खाणारी की राबणारी?" सासूबाईंनी उलट विचारलं.

साहेबांना चांगलं मराठी येत होतं. ते हसले. "दोन्ही धरा, आई. आणि तुम्ही कुठं कुठं जाता तेही सांगा."

"पाण्याला जाते, सरपणाला जाते. धुणं घिऊन वढ्याला जाते."

"ते नव्हे. प्रवास. गावाबाहेर."

"वढा गावाबाहीरच हाय की."

साहेबांनी समजावून सांगितलं की ओढ्याला जाणं हे जाणं नसतं. जाणं म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला, काही कामानिमित्त. सासूबाई म्हणाल्या, "मंग पाय कावून दुखतेत?" याला कागदावर रकाना नव्हता.

मग माझी पाळी आली. सून कुठं जाते? माहेरी, तलवाड्याला. कधी? भाऊ न्यायला आला की. आणि नाही आला तर? "न्हाई आला तर कशाला जाईल?" सासूबाई म्हणाल्या. कारकुनानं माझ्या नावापुढं काय मांडलं ते दिसलं नाही, पण त्याचा हात फार वेळ हलला नाही. अशा रीतीनं गावातल्या सगळ्या बाया घरात बसून असतात असं सरकारदरबारी नक्की झालं.

त्यानंतर गाड्यांची मोजणी. वेशीतल्या लिंबाखाली टेबल मांडून कारकून बसणार, येईल त्या गाडीची रेघ ओढणार. मामंजींची झोप उडाली ती तिथं. बाजाराचा दिवस सोडला तर आमच्या पेठेतून गाडी जायची ती वाट चुकली तर. बाकी वेळ रस्त्यावर शेळ्या बसलेल्या असत आणि त्याही कुठं जात नव्हत्या.

मामंजींनी विचार केला आणि नात्यागोत्यात, गिऱ्हाइकांत निरोप धाडले. गावाबाहेर ज्याचा मोठा माळ पडीक होता त्या जमीनदाराकडं ते स्वतः गेले. त्या दोघांचं फारसं बरं नव्हतं. पण जमीनदारानं सगळं शांतपणं ऐकून घेतलं, आणि होत्या तेवढ्या गाड्या बैलांसकट देऊ केल्या. मामंजी परत आले ते भारावून. म्हणाले, "गावाचं काम म्हणल्यावर माणूस कसा बदलतो बग!"

गाडीवानांना मामंजींनी दुकानात उभं करून वाट समजावली. वेशीतून आत, पेठेतून खालच्या आळीला, तिथून ओढ्यात उतरून बाहेरून वळसा, आणि पुन्हा वेशीत.

"आन माल कंचा भरायचा, सेठ?" एकानं विचारलं.

"माल कशाला? गाडी मोजायची हाय. वर कडबा टाक म्हंजी झालं."

मोजणी सुरू झाली आणि आमच्या पेठेनं कधी पाहिली नव्हती अशी बरकत आली. गाड्यांमागून गाड्या. धुळीनं गुळाच्या ढेपा पांढऱ्या पडल्या. शेळ्या घाबरून लोकांच्या ओट्यांवर चढल्या. "कावून बे, पुन्ना आलास?" असं गाडीवान एकमेकांना ओरडून विचारत आणि हसत. सासूबाईंना बैलांची दया आली. त्यांनी दारात पाण्याच्या बादल्या ठेवायला लावल्या. आडावरून ते पाणी शेंदून माझे तळहात सोलून निघाले. म्हणजे सरकारी कामाला माझाही हातभार लागला, फक्त तो कुठं मांडला गेला नाही.

जमीनदाराच्या गाड्यांत एक तांबडा बैल होता, त्याचं एक शिंग मोडलेलं. तो आपला मान हलवत वेशीतून येई आणि थोड्या वेळानं पुन्हा येई. कारकून डोक्यानं काही मंद नव्हता. मामंजी त्याला जेवायला बोलवायला गेले तेव्हा तो म्हणाला, "सेठजी, तुमारे गाव में एक सिंग के बैल बहुत दिखते."

"आमच्याकडली पैदासच तशी हाय," मामंजी म्हणाले. "घाटातली जात."

कारकुनानं त्या दिवशी आमच्याकडं तुपातला शिरा खाल्ला, वर पुन्हा वाढून घेतला, आणि हात धुताना म्हणाला, "अच्छी जात है."

ज्वारीची सुगी होऊन गेली आणि साहेब परत आले. या वेळी त्यांच्याजवळ गुंडाळी केलेला नकाशा होता. ते चावडीवर न थांबता सरळ आमच्या दुकानाच्या ओट्यावर आले. मामंजींनी नवं उपरणं घेतलं होतं. गावातली चार मोठी माणसं गोळा झाली, त्यांत जमीनदारही होता. मी मधल्या दारात होतेच.

साहेबांचा आवाज गंभीर होता. ते म्हणाले, "एवढ्या अरुंद पेठेतून एवढी वाहतूक मी माझ्या नोकरीत कुठं पाहिली नाही. एखादं लेकरू चाकाखाली आलं नाही, हे तुमचं नशीब."

मामंजींनी मान डोलावली. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

"त्यात मोटार घालणं म्हणजे माणसं मारणं. म्हणून रस्ता गावाबाहेरून जाईल, या माळावरून." साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "तिथंच मोटार थांबेल. तिथं नवी पेठ आखली आहे, गाड्या सोडायला जागा आहे. या जुन्या पेठेत गाड्यांना यापुढं मनाई. तुम्हाला आता मोकळा श्वास घेता येईल."

माळ कुणाचा हे सांगायची गरज नव्हती. जमीनदार नम्रपणे जमिनीकडं बघत होता. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं की ते त्याच्या पदरात आपोआप पडलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मामंजी उपरणं सावरत पुढं सरकले. "साहेब, एवढ्या गाड्या रोज नसतेत हो हितं."

"तुम्ही रोज मोजता का?"

"न्हाई, पर मी रोज हितंच बसतो की."

"बसणं वेगळं आणि मोजणं वेगळं," साहेब म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले.

"साहेब, खरं सांगतो. त्या गाड्या जराशा... मीच..."

"सेठ लई गरीब सोभावाचा हाय," जमीनदार मध्येच बोलला. "गावाचा मोठेपणा सांगायला बी लाजतो."

माझे यजमान मामंजींच्या मागं उभे होते. सरकारला फसवणाऱ्याला तुरुंगात घालतात, हे त्यांनी कानात सांगितलं असावं. कारण मामंजींनी ते वाक्य तसंच सोडून साहेबांना सुपारी पुढं केली. साहेबांनी ती खाल्ली.

रस्ता झाला. माळावर खडी पडली, रूळ फिरला, नवी पेठ आखली गेली. मामंजींनी जमीनदाराकडूनच तिथं जागा भाड्यानं घेतली. दुसऱ्या कुणाची जागा तिथं नव्हतीच. सासूबाईंना ते म्हणाले, "चला, हितलं आवरा. आता सगळा गाव तिकडं येणार, साहेबांनी मोजून सांगितलंय."

"कोण येणार? आमी तर घरातच बसून असतो," सासूबाई म्हणाल्या. "तुमी जावा."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मामंजींनी आदळआपट केली, जेवण सोडलं, संध्याकाळी पुन्हा धरलं. शेवटी निम्मा माल तिकडं गेला, निम्मा इकडं राहिला. यजमानांचा जीव माल आणायला बार्शीला जाण्यात आणि आल्यावर तो गाडीतून उतरवून वेशीपासून डोक्यावर वाहण्यात जायचा, कारण पेठेत गाड्यांना मनाई. जुन्या दुकानात सासूबाई आणि मी. सुरुवातीला त्या गादीच्या कडेला बसत. पुरुष गिऱ्हाईक आलं की पदर पुढं ओढून मला म्हणत, "इचार, काय पाहिजे." थोड्याच दिवसांत स्वतः विचारू लागल्या.

पाणी घेऊन, सरपण घेऊन, धुणं घेऊन ज्या बाया दारावरून जात, त्या येता-जाता मीठ, तेल नेत. गावाबाहेरच्या पेठेत मिठासाठी कोण जाणार? मोटार सुरू झाली हे खरं. ती नव्या पेठेत थांबायची, धूर सोडायची आणि निघून जायची. तिच्यातून उतरणाऱ्यांजवळ मोठ्या गावाहून आणलेलं सामान असे. मामंजींच्या दुकानाशी ते थांबत ते तांब्याभर पाणी मागायला.

मामंजी रोज दुपारी माळावरून जेवायला घरी चालत यायचे. सासूबाई ताट वाढत आणि सरळ तोंडानं विचारत, "आज वर्दळ कशी होती?" मामंजी भाकरी मोडत म्हणत, "वाढंल. साहेबांनी पुढचा इचार करून आखलंय." मग बाहेर कुणी हाक मारली की सासूबाई ताटावरून उठून दुकानात जात, आणि मामंजी एकटेच आमटीत बघत बसत. मला तेव्हा हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. त्यांनी गाव फसवलं नव्हतं हो, त्यांना फक्त आपल्या दारात मोटार हवी होती.

दोनेक पावसाळे त्यांनी तिथं काढले. एक दिवस भर उन्हात ते उरलेला माल यजमानांच्या डोक्यावर देऊन परत आले, पाय धुतले आणि दुकानात शिरले. गादीवर सासूबाई बसलेल्या. मी दारात उभी. सासूबाई उठतील असं मला वाटलं, मामंजींनाही वाटलं असावं, कारण ते क्षणभर थांबले. सासूबाई उठल्या नाहीत. नुसत्या जराशा सरकल्या, आणि पुढं उभ्या असलेल्या बाईकडं बोट करून म्हणाल्या, "त्यास्नी अच्छेर गूळ द्या. ढेप नवी फोडा, जुनीला मुंग्या हायेत."

मामंजींनी उपरणं खुंटीला लावलं आणि ढेप फोडायला घेतली.